पावसातली सायकल आणि अंगावरचे कपडे

(गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी दिलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



काल याच व्यासपीठावर अभंगांचा सुंदर कार्यक्रम झाला. उद्या मुलांची नाटुकली आहे. मधल्या दिवशी माझ्यासारख्या निवृत्त बँकवाल्याला उभं केलंय आणि विषय काय, तर सायकल चालवताना पावसात आणि थंडीत काय घालावं. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "कपड्यांवर बोलणार? तुम्ही? चौतीस वर्षं मी काढून ठेवलेला शर्ट घालून बँकेत गेलात!" खरं आहे तिचं. शोभेच्या कपड्यांतलं मला काही कळत नाही. पण भिजलेल्या कपड्यांतलं थोडं कळतं आणि ते मी फार वाईट रीतीने शिकलो. ते सांगायलाच आज उभा आहे.

इथे बसलेल्या पन्नाशीपुढच्या बहुतेकांनी अर्धं आयुष्य सायकलवर काढलंय. शाळा सायकलवर, कॉलेज सायकलवर, पहिली नोकरीही सायकलवर. मग लूना आली, स्कूटर आली, आणि सायकल परसात जाऊन गंजली. आता गेली काही वर्षं ती परत आली आहे. रविवारी पहाटे काँग्रेस रोडला जाऊन बघा, हेल्मेट घातलेली मुलं-मुली, चाळिशीचे डॉक्टर, साठीचे आम्ही, सगळे दिसतात. कुणी जांबोटीकडे निघालेला असतो, कुणी हिंडलग्यावरून आंबोलीकडे. आणि हे सगळे सायकलीबद्दल तासभर बोलतात. गिअर किती, टायर कुठला, वजन किती. अंगात काय घातलंय याबद्दल कुणी बोलत नाही. जे सापडलं ते घालून निघतात. मीही तसाच निघायचो.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना. आम्ही तिघे आंबोलीला निघालो. मी, माझा बँकेतला एक सहकारी, आणि माझा भाचा. ताईचा धाकटा मुलगा, तेव्हा एकोणीस वर्षांचा. "मामा, मला पण घेऊन चल की" म्हणून आठ दिवस मागे लागला होता. ताई दारापर्यंत आली आणि म्हणाली, "बघ हं, तुझ्या भरवशावर पाठवत्येय." मी म्हटलं, "अगं, बेळगावचा पाऊस काय नवा आहे आपल्याला?"

हे वाक्य मी विसरलेलो नाही. कारण बेळगावचा पाऊस आणि आंबोलीचा पाऊस एक नाही. आपल्याकडे वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पडतो. साठ-सत्तर किलोमीटर पश्चिमेला, घाटमाथ्यावर आंबोलीत सात हजारांच्या आसपास पडतो. पाचपटीहून जास्त. आपण शिनोळी, पाटणे फाटा करत पश्चिमेला सरकतो, तसा पाऊस बदलत जातो. आधी सर येते आणि जाते. मग सर जायचं विसरते. मग ढगच खाली येतात आणि पाऊस कुठून सुरू होतो, धुकं कुठं संपतं, काही कळत नाही.

आमच्या अंगावर काय होतं? सुती बनियन, वर सुती टी-शर्ट. भाच्याने जीन्सची पँट घातली होती. आणि तिघांचे जाड प्लॅस्टिकचे रेनकोट. निघाल्यावर तासाभरात रेनकोटाच्या आत घामाच्या धारा. रेनकोटात पावसाने भिजलो नाही, घामाने भिजलो. पुढे एका चढावर भाचा म्हणाला, "मामा, यापेक्षा पाऊस परवडला," आणि त्याने रेनकोट काढून मागच्या कॅरिअरला बांधला. मीही हसून काढला. चढावर अंग गरम होतं, पाऊस बरा वाटत होता. अंगावरचा प्रत्येक धागा भिजला. आंबोलीत पोचलो, चहा-भजी झाली, पाऊण तास गप्पा झाल्या. त्या पाऊण तासात अंगातली गरमी गेली आणि ओले कपडे तेवढे राहिले. मग मीच म्हणालो, चला, घाटात खाली मोठ्या धबधब्यापर्यंत जाऊन येऊ.

उतार लागला. वारा समोरून. पहिल्या मिनिटात दात वाजू लागले. दुसऱ्या मिनिटात बोटं कुठं आहेत ते कळेना. मी ब्रेक दाबत होतो, पण दाबला जातोय की नाही हे हाताला समजत नव्हतं. भाचा माझ्या पुढे होता. एका वळणावर तो वळलाच नाही. सरळ गेला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात पडला. देवाची कृपा, की दरीच्या बाजूला नाही. समोरून गाडीही नव्हती.

लागलं फारसं नव्हतं, गुडघा खरचटला होता. पण मी त्याला उठवून विचारलं, "काय झालं रे?" तर तो बोलेना. बोलला तेव्हा शब्द जड, जीभ अडखळत होती. मला वाटलं डोक्याला मार लागला. हेल्मेट काढून बघितलं, तसं काही नव्हतं. तो थरथरत होता, आणि "बसतो इथंच" एवढंच म्हणत होता. आम्ही दोघांनी त्याला धरून, सायकली तिथंच टाकून, वर चालवत आणलं. रस्त्याकडेला एक चहाची टपरी होती. तिथल्या मावशींनी त्याच्याकडे एकदा बघितलं. मी चहा मागितला, तर माझ्यावर ओरडल्या, "आधी ता भिजलेला काढा. चाय मगे!"

त्यांनी त्याला आत चुलीपाशी नेलं, सगळे ओले कपडे उतरवायला लावले, नवऱ्याचा कोरडा सदरा दिला आणि वरून घोंगडी गुंडाळली. मग गोड चहा. अर्ध्या तासाने पोराच्या डोळ्यांत ओळख आली. संध्याकाळी एसटीने घरी आलो. ताईला मी सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तिच्या घरी पुढचे सहा महिने सायकलीचा विषय मी काढला नाही.

पण मला झोप येईना. त्या दिवशी तापमान वीस अंशांच्या आसपास असेल. वीस अंशांत माणूस गारठून पडतो? बर्फ नाही, हिमालय नाही. मग मी वाचायला लागलो, डॉक्टरांना विचारलं, सैन्यातून निवृत्त झालेल्या ओळखीच्यांना विचारलं. आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तेव्हा असे जाणते शोधायला लांब जावं लागत नाही. आणि जे कळलं ते साधं होतं.

आपलं शरीर म्हणजे चूल. सायकल मारताना जी शक्ती आपण खर्च करतो, तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा पायडलमध्ये जातो. बाकी सगळी उष्णता. म्हणून चढावर थंडी वाजत नाही. उतारावर चूल मंदावते आणि वारा मात्र वाढतो. दुसरी गोष्ट, पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं. ओला कपडा अंगाला चिकटला की तो उष्णता बाहेर काढणारा नळच होतो. तिसरी गोष्ट, ते पाणी सुकतानाही उष्णता खातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे पाचशे ऐंशी किलोकॅलरी लागतात. चिंब भिजलेली जीन्स, टी-शर्ट आणि बनियन मिळून लिटरभर पाणी सहज धरतात. म्हणजे ते कपडे अंगावर वाळवायचे तर तासभर जोरात सायकल मारायला जेवढी शक्ती लागते, जवळजवळ तेवढी फक्त कपडे वाळवण्यात जाणार. एकोणीस वर्षांच्या पोराच्या पोटात सकाळचे चार पोहे. ती शक्ती आणायची कुठून?

सुती कपडा आपला लाडका. उन्हाळ्यात त्याच्यासारखा दुसरा नाही, कारण तो पाणी धरतो आणि अंग थंड ठेवतो. पावसात आणि थंडीत नेमका हाच गुण उलटतो. लोकरीचं तसं नाही. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा आत घेतो, तरी हाताला ओली लागत नाही, आणि भिजली तरी धाग्यांच्या कुरळेपणात हवा धरून ठेवते. ती अडकलेली हवा म्हणजेच ऊब.

हे कळलं तेव्हा मला माझे वडील आठवले. ते जांबोटीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. शनिवारी शाळा सुटली की सायकलने बेळगावला यायचे, पावसाळ्यातसुद्धा. अंगावर धनगरी कांबळं, डोक्यावरून खोळ करून घेतलेलं. कांबळ्याला चिंचोक्याची खळ असते, विणही घट्ट, त्यामुळे पाणी बराच वेळ वरून निथळून जातं. घरी आले की कांबळं दांडीवर टाकायचे. त्याचा तो ओल्या लोकरीचा वास माझ्या नाकात अजून आहे. आम्ही मुलं शहरात वाढलो, आम्हाला त्या कांबळ्याची लाज वाटायची. आणि पन्नाशीत मी नवा कोरा रेनकोट घेऊन घाटात गेलो आणि पोराला वाचवलं कुणी, तर टपरीतल्या घोंगडीने.

असो. आता कामाचं बोलू. कुणी कांबळं पांघरून रविवारी सायकल मारावी असं मी म्हणत नाही. ते वजनाला भारी, आणि त्याचा काठ चाकात अडकला तर वेगळीच पंचाईत. पण त्यातला गुण घ्यायचा.

पहिला थर अंगाला लागून. त्याचं काम घाम उचलून बाहेर ढकलण्याचं. इथे सुती बनियन चालणार नाही. खेळाच्या दुकानात मिळतो तो पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट चालतो, परवडत असेल तर पातळ मरिनो लोकरीचा त्याहून चांगला. पॉलिस्टर पाणी फार कमी धरतं, पिळलं की अर्धं सुकतं. त्याला वास लवकर येतो, एवढी तक्रार आहे. ती आपल्यामागून येणाऱ्यांनी सोसायची.

दुसरा थर उबेचा. तो पावसाळ्यात बहुतेक वेळा लागतच नाही. थंडीत लागतो. घरी विणलेला लोकरी स्वेटर यासाठी उत्तम, फक्त अंगासरशी हवा. इथे बसलेल्या आजींना माझी विनंती, नातवंडांसाठी विणणं सोडू नका. पाठीमागून चार बोटं लांब विणा, कारण सायकलवर वाकलं की कंबर उघडी पडते, आणि थंडी तिथूनच शिरते.

तिसरा थर वारा आणि पाऊस अडवणारा. इथे लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात आणि सर्वांत जास्त फसतात.

रेनकोटाचा इतिहास मजेशीर आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबर घालून जलरोधक कापड केलं. पाणी आत येईना, पण घामही बाहेर जाईना. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं हीच अडचण राहिली. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी एक विशिष्ट प्लॅस्टिक झटक्याने ताणलं, तर त्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याचा थेंब जाऊ शकत नाही पण वाफ जाऊ शकते, एवढी लहान. त्यातून गोरटेक्स आलं. आज महागड्या जॅकेटवर 'श्वास घेणारं कापड' असं लिहिलेलं असतं ते याच जातीचं.

पण इथे एक मेख आहे. वाफ आतून बाहेर जाते ती आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असतो म्हणून. युरोपच्या थंड, त्यातल्या त्यात कोरड्या हवेत ते छान चालतं. आपल्याकडे जुलैत घाटमाथ्यावर बाहेरची हवाच पाण्याने तुडुंब भरलेली असते. वाफ जाणार कुठे? माझ्या एका मित्राच्या मुलाने परदेशातून असं जॅकेट पाठवलं. मित्र आंबोलीहून परतला तो आतून माझ्याइतकाच ओला. म्हणून आपल्या पावसाळ्यासाठी सांगतो, कापडाच्या नावाला भुलू नका, हवा खेळायला जागा आहे का ते बघा. काखेत चेन आहे का, पाठीवर झाकलेली फट आहे का, पुढची चेन खालून-वरून दोन्हीकडून उघडते का. आतली शिवण पट्टीने बंद केलेली आहे का तेही उलटून बघा. नसेल तर कापड कितीही चांगलं असो, पाणी शिवणीतून येणारच. पाठ लांब हवी, मनगट घट्ट हवं. टोपी हेल्मेटच्या आत बसेल इतकी पातळ हवी. नसेल तर काढता येणारी हवी, कारण मोठी टोपी मान वळवली की जागच्या जागी राहते आणि मागची गाडी दिसत नाही.

शहरातल्या शहरात जायचं असेल तर जुन्या पद्धतीची केप, म्हणजे खांद्यावरून हँडलपर्यंत येणारं पांघरूण, फार सोयीचं. खालून हवा खेळते, घाम कमी. पण मोठा वारा असेल तर ती शिडासारखी फुगते. घाटात नको. आणि एका हातात छत्री, एका हातात हँडल, ही आपली जुनी कसरत तर कुठेच नको. एका हाताने नीट ब्रेक लागत नाही, आणि पावसात ब्रेक आधीच कमी लागतो.

मग घाटात आतून भिजायचंच का? हो, थोडं भिजणार. हे आधी मान्य करा. तीन तासांच्या झडीत कोरडं राहणं अशक्य आहे. आपल्याला कोरडं नाही, उबदार राहायचं आहे. आत पॉलिस्टर किंवा लोकर असेल आणि वर वारा अडवणारं काही असेल, तर ओलं अंगही गरम राहतं. चढावर रेनकोट उघडा, हवं तर काढा. पण माथ्यावर पोचल्यावर, उतार सुरू व्हायच्या आधी, अंग गरम आहे तोवर परत घाला. आम्ही त्या दिवशी रेनकोट काढला ही चूक नव्हती. उतारापूर्वी तो घातला नाही, आणि ओल्या अंगाने पाऊण तास बसलो, ती चूक. रेनकोट सगळा वेळ कॅरिअरला बांधलेला होता!

फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्ही नावाचे एक गृहस्थ होते. वेलोसिओ या नावाने ते सायकलप्रवासावर लिहीत. त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच प्रवाशांना बजावून ठेवलंय, की थंडी वाजण्याआधी अंगावर चढवा आणि उकडण्याआधी उतरवा. वाजल्यावर घालणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं.

तुम्ही म्हणाल, आपण हौशी, म्हणून चुकलो. तर मोठ्यांचं ऐका. १९८८ सालच्या जून महिन्यात इटलीच्या प्रसिद्ध जिरो शर्यतीत गाव्हिया नावाच्या खिंडीत हिमवादळ झालं. खिंड सव्वीसशे मीटरवर. योहान फान डर वेल्डे हा डच सायकलपटू आखूड बाह्यांच्या कपड्यांत सर्वांत आधी माथ्यावर पोचला. पण उतारावर तो इतका गारठला, की थांबावंच लागलं. त्या टप्प्यात तो सुमारे पाऊण तासाने मागे पडला. अँडी हॅम्पस्टन या अमेरिकन खेळाडूच्या संघाने मात्र हवामान बघून आधीच बाजारातून बर्फात घालायचे उबदार कपडे आणि हातमोजे विकत आणले होते. हॅम्पस्टन त्या दिवशी दुसरा आला, पण एकूण शर्यतीची आघाडी त्याच्याकडे आली आणि शेवटी शर्यतही त्यानेच जिंकली. चढावर पहिला कोण, ते पायांनी ठरवलं. उतारावर पुढे कोण, ते कपड्यांनी.

आता हात-पाय-डोकं. हात सर्वांत महत्त्वाचे, कारण ब्रेक हातात आहे. पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. काही नसेल तर पातळ लोकरी हातमोजे आणि वरून भांडी घासायचे रबरी हातमोजे एक माप मोठे. दिसायला विनोदी आहे, पण वारा आणि पाणी दोन्ही अडतं. बोटं वळेनाशी झाली की थांबायचं. पुढच्या वळणापर्यंत जाऊ, असं नाही. तिथंच थांबायचं.

पायात पावसाळ्यात सुती मोजे आणि बंद बूट म्हणजे दिवसभर पाण्याच्या बादलीत पाय. त्यापेक्षा मागे पट्टा असलेली सँडल आणि पातळ लोकरी मोजे बरे. थंडीत बूटच हवा. मोज्यावर एक प्लॅस्टिकची पिशवी चढवून मग बूट घाला, वारा अडतो. पँट जीन्सची नको. भिजली की जड होते, गुडघा वळताना ओढते, आणि शिवणीच्या जागी मांड्या सोलून निघतात. अंगासरशी पातळ ट्रॅकपँट किंवा सायकलची चड्डी घाला, आणि लांब जायचं असेल तर घासणाऱ्या जागी खोबरेल तेल लावा. सैल पँट असेल तर उजवा पाय क्लिपने किंवा रबराने बांधा, साखळीत अडकते.

डोक्यावर हेल्मेटच्या आत पुढे झडप असलेली पातळ टोपी घाला. पाऊस डोळ्यांत आणि चष्म्यावर येत नाही. आणि सायकलला मडगार्ड लावाच. आजकालच्या भारी सायकलींना मडगार्ड नसतात. मागच्या चाकाचं पाणी थेट पाठीवर उडतं. आभाळातून येतं ते एकवेळ परवडलं, रस्त्यावरून येतं त्यात शेण, चिखल, डिझेल सगळं असतं. मडगार्ड हाही पावसाळी कपडाच समजा, फक्त तो सायकलने घालायचा.

थंडीचं थोडक्यात सांगतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आपल्याकडे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. दहा अंशांत ताशी तीस किलोमीटरने उतार उतरलात तर अंगाला ते साडेसहा-सात अंशांसारखं लागतं. यावर जुना, फुकटचा उपाय म्हणजे वर्तमानपत्र. युरोपातले शर्यतीतले सायकलपटू घाटमाथ्यावर बघ्यांकडून वर्तमानपत्र घेऊन छातीवर शर्टाच्या आत सरकवत. वारा अडतो, खाली उतरलं की काढून टाकायचं. आपल्याला रोज घरपोच मिळतं, वाचून झालं की छातीशी धरा. दुसरं, निघताना थोडं गार वाटलं पाहिजे. दारातच छान ऊब वाटत असेल तर कपडे जास्त झाले. दहा मिनिटांत घामाघूम व्हाल आणि पुढे तोच घाम गारठवेल.

रंगाबद्दल एकच. पावसात मोटारवाल्याची काच धुरकट असते. काळा, निळा, राखाडी रेनकोट त्याला दिसत नाही. दिवसा भडक पिवळा किंवा नारिंगी दिसतो. अंधारात रंगाचा उपयोग नाही, तिथे उजेड परतवणारी चंदेरी पट्टी हवी. ती पाठीवर तर लावाच, पण घोट्यांवरही लावा. पाय वर-खाली होतात, त्यामुळे मागच्या माणसाला लांबूनच कळतं की पुढे सायकल आहे.

आणि नेहमी सोबत एक प्लॅस्टिक पिशवी, तोंड घट्ट बांधलेली. तिच्यात एक कोरडा सदरा, कोरडे मोजे, कानटोपी. वजन पाव किलो. ती पिशवी त्या दिवशी आमच्याकडे असती तर मला आज हे भाषण करावं लागलं नसतं.

सोबतचा माणूस गारठतोय हे ओळखायचं कसं? आधी थरथर. मग हात बोथट होतात, गुंड्या-चेन लावता येत नाहीत. मग माणूस चिडतो किंवा अगदी गप्प होतो, शब्द जड येतात, "मला बसू दे" म्हणतो. शरीराचं आतलं तापमान पस्तीस अंशांच्या खाली गेलं की हे सुरू झालेलं असतं. तेव्हा आडोशाला न्या, ओलं काढा, कोरडं घाला, छाती-पोट आधी गरम करा, शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्या. हातपाय चोळू नका. दारू तर अजिबात नको. ती कातडीला गरम वाटते आणि आतली उष्णता बाहेर घालवते. आणि अंग गरम न होताच थरथर थांबली, माणूस पेंगायला लागला, तर तो बरा होतोय असं समजू नका. लगेच दवाखाना. त्या मावशींना यातलं पुस्तकी काही माहीत नव्हतं. पण "आधी भिजलेलं काढा" हा क्रम बरोबर होता, आणि चहा आधी मागणारा मी चूक होतो.

आता शेवटचं.

हे सगळं मी हौशी लोकांसाठी बोललो. आपण रविवारी भिजायला जातो, आणि भिजलो तर घरी गरम पाणी, कोरडा टॉवेल तयार असतो. पण आपल्या गल्लीत रोज पहाटे साडेपाचला पेपर टाकणारा मुलगा सायकलवरच येतो. दूधवाला येतो. धुणीभांडी करणाऱ्या ताई हिंडलग्याकडून सायकल मारत येतात. जुलैच्या झडीत त्या मुलाने पेपरांना प्लॅस्टिक गुंडाळलेलं असतं आणि स्वतःच्या अंगावर सुती शर्ट असतो. मी अनेक वर्षं तो पेपर कोरडा मिळाला म्हणून खूश व्हायचो. आंबोलीनंतर एक दिवस गॅलरीतून त्याच्याकडे नीट बघितलं, आणि मला माझा भाचा दिसला.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. मृगाच्या आधी त्याला एक पिवळा रेनकोट, एक पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि पायाला लावायच्या चंदेरी पट्ट्या. जुनं काढून दिलेलं नाही, त्याच्या मापाचं नवं. फार खर्च येत नाही. बक्षीस म्हणून देत नाही, वर्गणीसारखं देतो. जितके पेपर कोरडे मिळाले त्याची वर्गणी. आपल्या मंडळात इतकी घरं आहेत. पुढच्या वर्षी मृगाआधी प्रत्येक घराने आपल्या दारी सायकलवर येणाऱ्या एका माणसाची जबाबदारी घेतली, तर बाप्पासमोरच्या एखाद्या दिव्याची माळ कमी झाली तरी चालेल. मी कार्यकारिणीला सुचवतोय, ठरवायचं त्यांनी. रेनकोट निवडायला मात्र मला बोलवा. शिवण उलटून मीच बघणार.

भाचा आता पुण्याला नोकरी करतो. अजून सायकल चालवतो, पावसातही. गेल्या महिन्यात ताईचा फोन आला होता. म्हणाली, "सिंहगडाकडे गेला होता रे रविवारी, या पावसात." मी घाबरून विचारलं, "मग?" म्हणाली, "मग काय, पिशवीत दोन कोरडे सदरे घेऊन गेला होता. एक त्याचा, एक बरोबरच्यासाठी."

एवढंच सांगायचं होतं. जाताना पाऊस आहे, सावकाश जा, आणि घरी पोचल्यावर आधी ओलं काढा. चहा मागून.

गणपती बाप्पा मोरया!